फ्लाय शॉपची पायरी चढण्याआधी

जून-जुलैत मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आणि गळाचं वेड असलेल्या नाशिककरांसाठी ही तयारी लिहितोय. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायला आपली माणसं आता हमखास जातात. त्याच वाटेवर वेस्ट यलोस्टोन, बोझमन, लिव्हिंग्स्टन ही मॉन्टानातली गावं लागतात आणि तिथे फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली किड्याने, ‘फ्लाय’ने, मासे धरण्याच्या सामानाची अशी दुकानं आहेत, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर उभा असतो. मोठ्या साखळीतली नव्हेत, आजूबाजूच्या दोन-चार नद्यांवर जगणारी दुकानं. घरचे गरम पाण्याची कुंडं बघायला जातील त्या दिवशी दोन तास मागून घ्यायचे आणि तिथे जायचं. पण तयारीनिशी.

पहिल्या वेळी मी तयारीशिवाय गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंना म्हणालो, चांगल्या फ्लाय दाखवा. त्यांनी शांतपणे तीन गोष्टी विचारल्या: कुठल्या पाण्यावर, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि लाइन, म्हणजे फेकायची दोरी, किती नंबरची. मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. डझनभर देखण्या फ्लाय घेऊन आलो. त्या गार, वाहत्या पाण्यातल्या ट्राउट माशासाठी बांधलेल्या होत्या. दारणेच्या एकाही माशाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी वही घेऊन गेलो आणि त्याच बाईंशी दीड तास बोललो.

म्हणून बॅग भरायच्या कितीतरी आधी वही भरायला घ्या. पहिली पानं आपल्या पाण्याची. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा, तुम्ही जिथे बसता त्या जागेचं वर्णन लिहा: तळ खडकाळ की गाळाचा, कडेला पाणवनस्पती किती, वारा कुठल्या वेळी सुटतो, काठापासून किती फुटांवर मासा उठतो. मासे नावानिशी लिहा. मरळ, चिलापी, रोहू, कटला यांचे फोटो फोनमध्ये वेगळे काढून ठेवा, कारण तिकडे ही नावं कुणाला कळणार नाहीत, पण मरळीचं डोकं दाखवलं की ‘स्नेकहेड’ म्हणून लगेच ओळखतात आणि डोळे चमकतात. मरळ वनस्पतींच्या फटीत, पाण्याच्या वरच्या थरात मारा करते. तिच्यासाठी लागणारी फ्लाय म्हणजे पाण्यावर तरंगणारा, हरणाच्या केसांचा किंवा फोमचा पॉपर, ज्याच्या गळापुढे जाड नायलॉनचा आडवा फास असतो, म्हणजे गळ वनस्पतीत अडकत नाही. ही गोष्ट ट्राउटच्या गावातही मिळते, फक्त दर्शनी कप्प्यात नसते. बास माशाच्या फ्लायच्या खणात असते. विचारावं लागतं.

आणि पाण्याचं तापमान. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर दोरीला बांधून निघण्याआधीचे चार रविवार सकाळी आणि दुपारी पाण्यात सोडा आणि आकडे लिहून ठेवा. माझ्या वहीत मे महिन्यातल्या एका सकाळी २८ अंश आहे. हा आकडा ऐकल्यावर त्या बाईंनी हातातली लाइन परत खणात ठेवली. फ्लाय फिशिंगमध्ये फेकीचं वजन गळाला नसतं, लाइनला असतं, त्यामुळे लाइन हाच सगळा खेळ. गार पाण्यासाठी केलेल्या लाइनचा गाभा आणि वरचं आवरण मऊ असतं. ती आपल्या उन्हात लुळी पडते, चिकटते, रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. उष्ण पाण्याची, म्हणजे ‘ट्रॉपिकल’ लाइन कडक गाभ्याची असते. ती उलट मॉन्टानाच्या बर्फाळ पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन बसते. नाशिकसाठी घ्यायची लाइन आणि तिकडे चार दिवस वापरायची लाइन या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आधीच ठरवून जा. तिकडची लाइन विकत घेऊ नका, रॉडसकट भाड्याने घ्या. बरीच दुकानं देतात.

नंबरांची भाषाही घरूनच घोटून जा. लाइनचा नंबर तिच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ५ नंबरची लाइन म्हणजे १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. ट्राउटला ५ नंबर पुरतो, मरळीला आणि गंगापूरच्या वाऱ्याला ७ किंवा ८ लागतो. गळाचा नंबर उलटा चालतो, ८ नंबरचा गळ मोठा आणि १८ चा बारीक. टोकाच्या बारीक दोऱ्याला, टिपेटला, एक्सचा आकडा असतो: तो ११ मधून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच. एवढं माहीत असलं की समोरचा माणूस सोपं करून सांगायचं थांबवतो आणि खरं बोलायला लागतो.

वहीची पुढची पानं त्यांच्या नदीची. इथे नाशिककराला एक जन्मजात फायदा आहे. पावसाळ्यात गंगापूरमधून किती क्युसेक सोडले आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, हे ऐकतच आपण मोठे झालो. तिकडचं सरकारी भूविज्ञान खातं नद्यांवरच्या मोजणी केंद्रांचा प्रवाह रोजच्या रोज संकेतस्थळावर फुकट देतं, आणि एककही तेच, सेकंदाला घनफूट, म्हणजे आपला क्युसेकच. वेस्ट यलोस्टोनजवळच्या मॅडिसन नदीचे आकडे निघण्याआधी दोन आठवडे लिहीत जा. हेब्गेन धरणाखालचा आणि त्याच्याही खालचा असे दोन्ही घ्या. मध्ये क्वेक लेक आहे, १९५९ च्या भूकंपात डोंगर कोसळून नदी अडली आणि तो तलाव झाला. ‘कालपर्यंत पाणी इतकं होतं, आता उतरतंय, तर कुठे उभं राहू?’ असा प्रश्न घेऊन आत गेलात तर तुमच्यासाठी नकाशा काउंटरवर पसरला जातो.

कायद्याची पानं थोडक्यात, पण चुकवू नका. यलोस्टोन उद्यानाच्या हद्दीत उद्यानाचाच परवाना लागतो, राज्याचा चालत नाही. तिथे गळाला उलटा काटा नको, शिसं नको, गांडूळ किंवा पिठाची गोळी अजिबात नको. हद्दीबाहेर मॉन्टानाचा परवाना वेगळा. परदेशी पाहुण्याला मासेमारीच्या परवान्यासोबत संवर्धन परवाना आणि घुसखोर जलचर रोखण्याचा पास असं तिन्ही घ्यावं लागतं. दुकानातच निघतो, पासपोर्ट जवळ ठेवा. मॉन्टानात सार्वजनिक जागेवरून नदीत उतरलात की दोन्ही काठांवरच्या नेहमीच्या भरल्या पाण्याच्या खुणेच्या आत कुठेही चालता येतं, काठ खासगी असला तरी. शेजारच्या वायोमिंगमध्ये असं नाही. तिथे खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नदीचा तळही त्या मालकाचा, पाय टेकला तरी अतिक्रमण. आपण राज्याची सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही, म्हणून हे दुकानात विचारून नकाशावर लिहून घ्यायचं. उन्हाळा कडक असेल तर पाण्याचं तापमान लागोपाठ तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास २३ सेल्सिअसला पोचल्यावर दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. ट्राउटला गरम पाण्यात दम लागतो; सोडून दिला तरी मरतो. आपल्या चिलापीला तेच पाणी गार वाटलं असतं.

बूट. नमद्याच्या तळाचे बूट यलोस्टोनमध्ये चालत नाहीत, कारण नमदा वाळत नाही आणि एका नदीतले सूक्ष्म जीव दुसऱ्या नदीत जातात. रबरी तळाचे भाड्याने घ्या. स्वतःचे नेणार असाल तर इथून निघण्याआधी ब्रशने घासून, दारणेचा गाळ पूर्ण काढून, उन्हात कडकडीत वाळवून न्या. परत येतानाही तसंच. त्यांच्या नदीतला किडा गोदावरीत यायला नको.

आता पिसांचं. यावर जरा रेंगाळतो, कारण इथे चांगल्या मनाने केलेली चूक महागात पडते. फ्लाय बांधणाऱ्याला मोरपिसाचं मोल विचारा. प्रिन्स निंफ, रॉयल कोचमन या जुन्या फ्लायचं हिरवं-सोनेरी अंग मोरपिसाच्या तंतूंचंच असतं. येवल्याच्या बाजूला शेतात गळून पडलेली मोरपिसं मिळतात आणि कुणालाही वाटेल की दुकानदाराला याहून सुंदर भेट कोणती. नेऊ नका. मोरपिसं भारताबाहेर नेण्यावर बंदी आहे, गळून पडलेली असली तरी. दुसरं, तिकडच्या दुकानांत ‘जंगल कॉक’ नावाने ठिपकेदार मानेची पिसं विकायला दिसतील. तो आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडाच. एके काळी इथून त्याच्या माना विलायतेत जात; आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे आणि तिकडे विकतात ती पाळलेल्या पक्ष्यांची पिसं असतात. ती बघा, हात लावा, पण विकत घेऊन परत आणू नका. आपल्या कस्टमच्या माणसाला पाळलेला आणि रानातला हा फरक तुम्ही दाखवून देऊ शकणार नाही. भेट न्यायचीच तर येवल्याच्या पैठणीच्या कापडाची, मोराचं काम असलेली छोटी बटवी न्या. किंवा नाशिकचा चिवडा, बंद पाकिटात, आणि अमेरिकेच्या विमानतळावर खाद्यपदार्थ आहेत म्हणून आधीच सांगून. मी दोन्ही नेलं होतं. चिवडा काउंटरवरच उघडला गेला.

बॅगेचं लवकर सांगून टाकतो. ९ फुटांचा चार तुकड्यांचा रॉड सुटा केला की सव्वादोन फुटांचा होतो, मोठ्या बॅगेत तिरका बसतो. गळ आणि कात्री हातातल्या सामानात नकोत. रीळ महागाचं असेल तर मुंबईहून निघतानाच कस्टमकडून नोंद करून घ्या, म्हणजे परतताना ते तिकडे घेतलं असं कुणी म्हणणार नाही. तिकडच्या खरेदीची बिलं जपून ठेवा.

दुकानं कशी निवडायची? तीन पुरेत. लिव्हिंग्स्टनला १९३८ साली डॅन बेली यांनी सुरू केलेलं दुकान आहे. चार पौंडांवरच्या ट्राउटच्या आकृती भिंतीवर लावायची तिथली प्रथा प्रसिद्ध आहे. त्या भिंतीसमोर नुसतं उभं राहायला जा. वेस्ट यलोस्टोनचं ब्लू रिबन फ्लाइज हे क्रेग मॅथ्यूज यांच्या नावाने ओळखलं गेलेलं दुकान. त्यांनी आणि जॉन जुरासेक यांनी स्पार्कल डन ही फ्लाय घडवली, आणि उत्पन्नातला एक टक्का पर्यावरणासाठी देण्याची जी चळवळ २००२ मध्ये उभी राहिली तिच्या दोन संस्थापकांपैकी मॅथ्यूज एक. तिसरं दुकान तुमच्या मुक्कामाच्या सगळ्यात जवळचं असू द्या, नाव ऐकलेलं नसलं तरी. निघण्याआधी एकदा फोन करा. आपल्या रात्री साडेआठला तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. उघडण्याच्या वेळा विचारा आणि एवढंच सांगा की भारतातून येतोय, उष्ण पाण्यात मासेमारी करतो.

जायची वेळ दुपारची. सकाळी सात ते नऊ दुकानात गाइड आणि त्यांची गिऱ्हाइकं यांची झुंबड असते, तेव्हा गप्पांना कुणालाच सवड नसते. दुपारी मालकही निवांत असतो, आणि रॉड बाहेर मोकळ्या जागेत नेऊन फेकून बघू देतो. संकोच करू नका. आपल्याकडे ८ नंबरचा रॉड ऑनलाइन मागवावा लागतो, हातात धरून बघायची संधी हीच.

मग पैशांचं. दारणेच्या काठावर जाळं लावणारे एक मामा आहेत. सुरुवातीला मी गेल्या गेल्या विचारायचो, ‘मामा, आज कुठे लागतंय?’ ते म्हणायचे, ‘आधी बसा तर खरं. चहा घ्या.’ जागा ते नेहमीच सांगतात, पण चहानंतर. त्या दुकानांतही असंच आहे. नदीची माहिती तिथे कुणी विकत नाही, पण तिच्यावरच दुकान चालतं. म्हणून आत गेल्यावर आधी फ्लाय घ्या, मग विचारा. ट्राउटची साधी फ्लाय साधारण अडीच ते चार डॉलरला पडते. सहा तिथल्या पाण्यासाठी त्यांच्या पसंतीच्या, सहा मरळ-चिलापीसाठी तुमच्या वहीतल्या वर्णनावरून. तेवढं बजेट घरूनच वेगळं काढा. मॉन्टानात राज्याचा सर्वसाधारण विक्रीकर नाही, मात्र वेस्ट यलोस्टोनसारख्या पर्यटनाच्या गावात रिसॉर्ट कर लागतो. आणि दुकानात उभं राहून फोनवर तीच वस्तू ऑनलाइन किती स्वस्त आहे ते तपासू नका. ते त्यांना दिसतं, आणि लागतं.

वहीचं शेवटचं पान कोरं ठेवा. संध्याकाळी नदीवरून परतताना पुन्हा दुकानात डोकवायचं आणि काय झालं ते सांगायचं: कुठे उभे होता, किती वाजता मासा उठला, कुठली फ्लाय घेतली, किंवा काहीच लागलं नाही. मी सांगत होतो तेव्हा त्या बाईंनी दारातल्या फळ्यावरची सकाळची ओळ पुसली आणि माझ्या आकड्यांनी नवी लिहिली. मग माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर स्वतः पेन्सिलने मरळीसाठीच्या पॉपरची आकृती काढून दिली, नायलॉनचा फास कुठे बांधायचा त्या खुणेसकट. तो पॉपर मी आता घरीच बांधतो.