कटिंग मशीनवर आकाशकंदील: कागद निवडण्यापासून टांगण्यापर्यंत

क्रिकट, सिल्हूट कॅमिओ किंवा ब्रदर स्कॅनएनकट यांपैकी कोणतंही कटिंग मशीन (डिजिटल आराखड्यानुसार पात्याने कागद कापणारं) घरी असेल, तर सहा बाजूंचा जाळीदार आकाशकंदील एका दिवसात आरामात होतो. कंदील बिघडतो तो बहुतेक वेळा मशीन सुरू होण्याआधीच. कागद चुकीचा आणलेला असतो, मॅटची, म्हणजे कागद धरून ठेवणाऱ्या चिकट पाटाची, पकड गेलेली असते किंवा पातं गरजेपेक्षा खोल लावलेलं असतं. म्हणून इथे नक्षीपेक्षा या तीन गोष्टींवर जास्त भर दिला आहे.

माप

हा कंदील ए-फोर कागदाला धरून आखला आहे. एक बाजू ९ सें.मी. रुंद आणि १८ सें.मी. उंच. तीन बाजू सलग म्हणजे २७ सें.मी. आणि एका टोकाला जोडाची १.२ सें.मी. पट्टी, एकूण २८.२ सें.मी. वर आणि खाली दुमडायच्या १.२ सें.मी.च्या पट्ट्या धरून उंची २०.४ सें.मी. क्रिकटची नेहमीची मॅट १२ × १२ इंचांची असली तरी मशीन तिच्यावर साधारण ११.५ इंच, म्हणजे २९.२ सें.मी. एवढंच कापतं. ए-फोर २९.७ सें.मी. लांब असल्यामुळे कागद मॅटवर पूर्ण बसतो, पण कडेपर्यंत काढलेलं डिझाइन बसत नाही. २८.२ सें.मी. आरामात बसतं. असे दोन कागद मिळून सहा बाजू होतात, शिवाय वरच्या आणि खालच्या कड्यासाठी एकेक कागद. ए-फोर आकाराच्या चार कार्डशीटमध्ये कंदील पूर्ण होतो, तरी सहा हाताशी ठेवा.

क्रिकट जॉयसारखं लहान मशीन असेल तर प्रत्येक बाजू सुटी कापा. जोडपट्टी धरून ती १०.२ सें.मी. रुंद होते आणि जॉयच्या लांब मॅटवर मावते. जोड दोनऐवजी सहा येतील, एवढाच फरक.

वरच्या-खालच्या पट्ट्यांची टोकं सरळ ठेवू नका. षटकोनाचा आतला कोन १२० अंशांचा असतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पट्ट्या आत दुमडल्या की एकमेकींवर चढतात. टोकं तिरकी, घडीच्या रेषेशी ५५ अंशांनी कापलेली असली की त्या मोकळ्या बसतात.

कडं म्हणजे मधे ११ सें.मी. व्यासाचं भोक असलेला षटकोन. त्याची बाजू बरोबर ९० मि.मी. ठेवली तर कागदाच्या जाडीमुळे ते आत शिरताना अडतं आणि भिंती बाहेर फुगतात. बाजू ८९.४ मि.मी. ठेवा, म्हणजे सगळीकडून अर्धा मि.मी. जागा सुटते.

कागद आणि त्याची धार

२२० ते २५० जीएसएमची (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या. १८०च्या खाली गेलात तर बाजू लवतात. ३००च्या वर नाजूक जाळीचे कोपरे फाटू लागतात. परदेशी पाकिटावर वजन पौंडांत असतं आणि तिथे फसगत होते. ८० पौंड ‘कव्हर’ म्हणजे २१६ जीएसएम, पण ११० पौंड ‘इंडेक्स’ म्हणजे फक्त १९९. मशीनमध्ये सेटिंग निवडताना जीएसएमच पाहा. आणि आतपर्यंत रंगलेली कार्डशीट मागा. वरून रंग असलेल्या शीटचा गाभा पांढरा असतो, त्यामुळे जाळीच्या प्रत्येक कडेला आणि घडीला पांढरी रेघ दिसते.

पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा हातकागद कंदिलावर फार देखणा दिसतो, पण तो सुती चिंध्यांचा असतो. तंतू लांब आणि जाडी असमान. त्यावर बारीक जाळी कापली की कडांना लव उभी राहते. हातकागद वापरायचा असेल तर १ सें.मी.हून मोठी, गोलसर भोकंच ठेवा.

आता कागदाची धार, म्हणजे तंतूंची दिशा. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त कंदील यामुळेच खराब होतात. कार्डशीट हातात धरून एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवा, घडी न पाडता. ज्या दिशेने ती सहज वळते, त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू असतात. घडी तंतूंना समांतर असली तर स्वच्छ पडते. आडवी असली तर वरचा थर तडकतो आणि घडीवर केसाळ रेघ उमटते. आपल्या आखणीत मुख्य घड्या कागदाच्या २१ सें.मी.च्या दिशेने आहेत, आणि ए-फोरमध्ये तंतू बहुधा २९.७ सें.मी.च्या दिशेने असतात. म्हणजे बाजारातला तयार ए-फोर इथे नेमका उलटा पडतो. मोठी कार्डशीट आणा, धार तपासा आणि तंतू आखूड बाजूला समांतर येतील असे ए-फोर तुकडे घरी किंवा दुकानातल्या कटरवर कापून घ्या.

पावसाळ्यानंतर लगेच काम काढत असाल तर कागद दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. दमट कागदाचे तंतू पात्यापुढे कापले न जाता ओढले जातात. कोकणात आणि मुंबईत कडा केसाळ येण्याचं पहिलं कारण हेच असतं.

नक्षी आणि देवनागरी अक्षरं

जाळीतली सर्वांत बारीक पट्टी २ मि.मी. ठेवा. दीड मि.मी. कापता येते, पण मॅटवरून काढताना तुटते. घडीपासून १ सें.मी. जागा कोरी सोडा, म्हणजे जाळी ७ × १६ सें.मी.च्या चौकटीत बसेल. टोकदार कोपऱ्यांना किंचित गोलाई द्या, कागद तिथूनच फाटायला लागतो.

‘शुभ दीपावली’ घालायचं असेल तर मजकूर मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नका. जोडाक्षरं आणि वेलांट्या तिथे विस्कटण्याचा धोका असतो. शिवाय प्रत्येक अक्षर स्वतंत्र आकार धरलं गेलं तर शिरोरेषेवर दोन अक्षरं जिथे एकमेकांवर येतात तिथे मशीन मधूनच कापतं. इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, गट सोडवा आणि मग सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करा. संपूर्ण शब्दाची एकच बाह्यरेषा झाली पाहिजे. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ हा मोफत मिळणारा जाड फाँट या कामाला चांगला आहे.

अक्षरं भोकासारखी कापणार असाल तर आतले बंद भाग गळून पडतात. ‘दीपावली’ हा शब्द घ्या. ‘दी’च्या वेलांटीखालचा भाग, ‘प’चं पोट, ‘व’चा गोल आणि ‘ली’ची वेलांटी: बहुतेक फाँटांत एवढ्या चार जागा सुट्या होतात. प्रत्येकीला २ मि.मी.चे दोन पूल, म्हणजे तुकडा बाकी कागदाला जोडून ठेवणाऱ्या पट्ट्या, द्या. एकाच पुलावर तुकडा फिरतो आणि मुडपतो. उलट अक्षरं कापून वर चिकटवायची असतील तर अनुस्वार सुटा होतो, तो पुलाने शिरोरेषेला जोडून घ्या.

फाइल एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फॉरमॅटमध्ये साठवा. सिल्हूट स्टुडिओच्या मोफत बेसिक आवृत्तीत एसव्हीजी उघडत नाही, तिच्यासाठी डीएक्सएफ फॉरमॅटची फाइल काढा. फाइल उघडल्यावर पहिलं काम माप तपासण्याचं. २८२ मि.मी.चा साचा ३७६ मि.मी. दिसला तर ९६ डीपीआयची (एका इंचात किती ठिपके, ते माप) फाइल ७२ डीपीआय समजून वाचली गेली आहे. लांबी-रुंदीचं कुलूप लावून रुंदी २८२ करा, उंची आपोआप बरोबर होईल.

घडीच्या रेषा

क्रिकट एक्सप्लोर किंवा मेकरवर स्कोअरिंग स्टायलस, म्हणजे घडीसाठी खाच पाडणारं बोथट टोक, लावता येतो. घडीच्या रेषांना ‘स्कोर’ प्रकार द्या आणि त्या कापायच्या आकाराला ‘अटॅच’ करा. अटॅच करायचं राहून गेलं तर सॉफ्टवेअर रेषा उचलून भलत्याच ठिकाणी किंवा दुसऱ्या मॅटवर ठेवतं. स्टायलसने रंगीत बाजूवर खाच पडते. ती खाच घडीच्या बाहेरच्या अंगाला आली पाहिजे. म्हणून कार्डशीटची चांगली बाजू मॅटवर वर ठेवा आणि घडी खाचेपासून उलट, मागे घाला.

स्टायलस नसेल तर तुटक रेषा कापण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डब्यांसाठी तो ठीक आहे. कंदिलात मात्र आत दिवा लागला की त्या प्रत्येक फटीतून उजेडाचा ठिपका दिसतो. त्याऐवजी घडीच्या दोन्ही टोकांना, पट्टीच्या भागात, फक्त २ मि.मी.ची खूण कापा. नंतर पोलादी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने खूण ते खूण रेघ दाबा.

कापणी

क्रिकटवर साधं फाइन पॉइंट पातं आणि हिरवी स्टँडर्ड ग्रिप मॅट. कागद ठेवून रबरी रोलरने किंवा कोरड्या कापडाने मधून कडेकडे दाबा. सेटिंग २१६ जीएसएमचं किंवा नाजूक जाळीसाठीचं कार्डस्टॉक. सिल्हूटवर प्रीसेट कार्डस्टॉकपासून सुरुवात करा आणि वेग कमी ठेवा. खोली वाढवायची तर एकेक अंकाने. पात्याचा एक अंक म्हणजे ०.१ मि.मी.

चाचणीसाठी कागदाच्या कोपऱ्यात १ सें.मी.चा चौकोन आणि त्यात त्रिकोण कापा. चौकोन सुईच्या टोकाने पूर्ण सुटला आणि मॅटवर जेमतेम ओरखडा दिसला, तर सेटिंग बरोबर. मॅटमध्ये नखाला जाणवेल अशी चर पडली तर पातं जास्त खोल आहे. या मशीनचं पातं कागदात रुतून ओढलं जातं आणि कोपऱ्यावर स्वतःभोवती वळतं. ते जेवढं जास्त बाहेर, तेवढा वळताना कागदावर बाजूचा ताण जास्त. म्हणून कोपरा फाटतोय म्हणून दाब वाढवला की तो आणखी फाटतो. खोली कमी करा आणि हवं तर तीच रेषा दोनदा कापा.

क्रम असा: आधी घडीच्या खाचा, मग आतली जाळी, शेवटी बाहेरची कड. कड आधी कापली तर सुटलेला कागद जाळी कापताना हलतो. काम संपलं की मॅट बाहेर काढण्याआधी एक कोपरा हलकेच उचलून पाहा. कापलं गेलं नसेल तर मॅट तशीच ठेवून पुन्हा कापता येतं. एकदा बाहेर काढली की तीच जागा जमत नाही.

काढताना मॅट उलटी करून टेबलावर ठेवा, कागद खालच्या बाजूला. कागद सपाट दाबून धरा आणि मॅट मागे वळवत सोलून काढा. उलट केलंत, म्हणजे मॅटवरून कागद ओढलात, तर कार्डशीट गोल वळते आणि जाळीच्या पट्ट्या मोडतात.

काय बिघडतं

कडा केसाळ: कागद दमट किंवा पातं बोथट. पात्याला तंतू अडकले असतील तर ॲल्युमिनियम फॉइलच्या गोळ्यात ते काही वेळा टोचा. तंतू निघतात, मात्र धार परत येत नाही. कागदाचं आणि व्हिनाइलचं पातं वेगळं ठेवा.

गोल पूर्ण जुळत नाही: मॅट सरकतेय किंवा पात्याचं घर सैल आहे. क्लॅम्प पुन्हा घट्ट बंद करा.

मधलाच भाग कापला जात नाही: तिथे मॅटची पकड गेली आहे. कोमट पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण घेऊन मऊ ब्रशने धुवा आणि वाऱ्यावर वाळवा. उन्हात किंवा ड्रायरखाली ठेवू नका. धुऊनही पकड आली नाही तर कागदाच्या चारही कडांना मास्किंग टेप लावून काम भागवता येतं.

जोडणी

ट्रेसिंग पेपरचे किंवा पतंगी कागदाचे ८.४ × १७.४ सें.मी.चे सहा तुकडे साध्या कटरने कापा. एवढा पातळ कागद मशीनवर गोळा होतो, आणि सरळ तुकड्यांसाठी मशीन लागतही नाही. कार्डशीट सपाट असतानाच, घड्या घालण्याआधी, ते मागून लावा. इथे ६ मि.मी.ची डबल साइड टेपच वापरा. फेव्हिकॉलच्या पाण्याने ट्रेसिंग पेपरला सुरकुत्या पडतात. तुकडा घडीपासून ३ मि.मी. अलीकडे संपतो, त्यामुळे घडी अडत नाही.

नंतर सगळ्या घड्या घालून पुन्हा उघडा, दोन्ही जोडपट्ट्यांना फेव्हिकॉलचा पातळ हात ब्रशने द्या आणि चिमटे लावून अर्धा तास ठेवा. खालचं कडं आधी बसवा, वरचं शेवटी, म्हणजे आत हात घालून पट्ट्या दाबता येतात. झिरमिळ्या २ × ४५ सें.मी.च्या, पतंगी कागदाच्या घड्या करून कात्रीने एकदम कापा आणि खालच्या कड्याला आतून चिकटवा.

टांगायची भोकं मशीनवर कापू नका. एवढ्या लहान गोलाची कड स्वच्छ येत नाही आणि भोक कडं व पट्टी अशा दोन्ही थरांतून जायला हवं. फेव्हिकॉल वाळल्यावर एक सोडून एक अशा तीन बाजूंच्या मध्यावर, कडेपासून ६ मि.मी. आत, दाभणाने भोक पाडा आणि तीन सारख्या लांबीचे दोरे ओवा. होल्डर आणि वायरचं वजन कंदिलावर येऊ देऊ नका, दिवा स्वतःच्या वायरवरच लोंबता राहू द्या. दिवा फक्त एलईडी, ५ वॉटपर्यंतचा, आणि कागदापासून सगळीकडून किमान ५ सें.मी. दूर. पणती किंवा मेणबत्ती या कंदिलात कधीही ठेवू नका.