टेम्पेस्टचा गरगरणारा नॉब घरी कसा बनवावा

टेम्पेस्ट कीबोर्डवर खेळून "एवढं काय आहे यात?" असं विचारणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. अटारीने 1981 मध्ये हा पार्लरमधला व्हिडिओ गेम काढला, तेव्हा त्याला दांडा (जॉयस्टिक) नव्हताच. होता एक गोल नॉब, कुठेही न अडता कितीही वेढे घेणारा. पडद्यावरच्या नळीच्या काठावर सरकणारा पिवळा ब्लास्टर, म्हणजे खेळणाऱ्याचं यान, बोटांच्या एका फटक्यात या टोकाचा त्या टोकाला जायचा. बाणाची कळ दाबून हे होत नाही. कळ एकाच वेगाने चालते, बोटं तशी चालत नाहीत.

मी ज्या पार्लरांत लहानाचा मोठा झालो तिथे दांडा आणि बटणं, बस्स. याला कारण होतं. 1985 नंतर जामा नावाची वायरिंगची पद्धत रूढ झाली. कुठल्याही खेळाचा सर्किट बोर्ड उचला, पार्लरमधल्या कुठल्याही पेटीत बसवा. पार्लरवाल्याची सोय झाली, पण त्या वायरिंगमध्ये दर खेळाडूला एक दांडा आणि काही बटणं एवढीच जागा. 1983 च्या स्टार वॉर्सचं विमानासारखं योक (दोन हातांनी धरायचं सुकाणू), पेपरबॉयचं सायकलचं हँडल, बॅटलझोनचा पेरिस्कोप हे सगळं मला फक्त चित्रांतून माहीत. टेम्पेस्टचा नॉब हातात आला तो तिशी उलटल्यावर, शिकागोजवळ ब्रुकफील्डच्या गॅलपिंग घोस्ट आर्केडमध्ये. दारात एकदा पैसे भरायचे आणि दिवसभर खेळायचं. मी दुसऱ्या कुठल्या पेटीकडे फारसा गेलोच नाही.

परत आल्यावर पहिला स्पिनर, म्हणजे असा गरगरणारा नॉब, केला. आजवर नऊ झाले. हे लिहितोय ते दहावा मागणाऱ्याला परस्पर वाचायला देता यावं म्हणून.

सामान

एका वेढ्याला 600 पल्स देणारा ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे दांडी किती फिरली ते सांगणारा भाग (एलपीडी-3806 नावाने मिळतो), 5 व्होल्टचा आर्दुइनो प्रो मायक्रो (यूएसबीने संगणकाला जोडायचा, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), 4.7 किलोओहमचे दोन रेझिस्टर, 3 मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी, प्लायचा खोका. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत काम होतं.

केवाय-040 नावाचा छोटा, स्वस्त एन्कोडर घ्या असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका. तो एका वेढ्यात 20 वेळा टकटक करतो. स्टोव्हचं बटण फिरवल्यासारखं वाटतं. पोटेन्शिओमीटरही नको. तो पाऊण वेढ्यात अडतो. 1972 च्या पाँगला तो चालला, कारण तिथे बॅट वर-खालीच जायची.

नॉब आणि बसवणं

हलका प्लास्टिकचा नॉब लावलात तर मेहनत वाया. एन्कोडरच्या शाफ्टला सील असतं, ते थोडं धरून ठेवतं. त्यावर मात करायला वजन लागतं. लेथवाल्याकडून एमएसचा (साध्या पोलादाचा) 50 मिमी व्यासाचा, 25 मिमी उंचीचा नॉब कातून घ्या. मध्ये 6 मिमीचं भोक आणि बाजूने ग्रब स्क्रू. वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि एका फटक्यात नॉब दोन-तीन वेढे सहज घेतो. भोक नीट केंद्रात आहे ना, हे लेथवाल्यासमोरच फिरवून बघा. थोडंही सरकलेलं असेल तर नॉब लडबडतो आणि नंतर काही करता येत नाही.

एन्कोडर थेट प्लायला खालून लावू नका. शाफ्ट जेमतेम 13 मिमी असतो आणि 18 मिमीच्या प्लायमधून तो वर दिसतसुद्धा नाही. प्लायला मोठा गाळा पाडा, वर पट्टी टाका, पट्टीला खालून एन्कोडर. बाकीची सुतारकी तुमची तुम्ही.

वायरी

एन्कोडरची लाल वायर आर्दुइनोच्या 5 व्होल्टला, काळी ग्राउंडला, हिरवी पिन 2 ला, पांढरी पिन 3 ला. हिरवी आणि पांढरी या दोन्हींना 5 व्होल्टकडून एकेक रेझिस्टर. हिरवी किंवा पांढरी वायर थेट 5 व्होल्टला चुकूनही लागू देऊ नका. आतला ट्रान्झिस्टर जातो, आणि धूरबीर काही निघत नाही, त्यामुळे कळतही नाही.

उलटा पळणारा ब्लास्टर

इथे बहुतेक जण अडकतात. नॉब हळू फिरवला की सगळं छान. गरकन फिरवला की ब्लास्टर उलट्या दिशेला धावतो. याला बॅकस्पिन म्हणतात.

माझे यात दोन महिने गेले. एन्कोडर खराब म्हणून दुसरा मागवला. शील्डवाली केबल घातली. रेझिस्टर बदलले. "तुमचा पीसीच जुना आहे" असं एका जाणकाराने सांगितलं, तेही मानलं आणि मित्राचा लॅपटॉप आणला. ब्लास्टर तिथेही उलटा. शेवटी एका रात्री, आर्दुइनो संगणकाला दर वेळी काय पाठवतोय ते आकडे छापून घेतले. नॉबचा वेग वाढवत नेला तसे आकडे आले: 112, 121, 126, आणि लगेच उणे 125, उणे 118.

म्हणजे एन्कोडर निर्दोष होता. आर्दुइनो माउस असल्याचं सोंग करतो आणि "किती सरकलो" हे एका बाइटमध्ये सांगतो. त्यात उणे 127 ते अधिक 127 एवढंच मावतं. 131 पाठवायला गेलात की त्याचे 256 वजा होऊन उणे 125 होतात. 600 पल्सच्या एन्कोडरच्या दोन्ही वायरींचा प्रत्येक बदल मोजला की एका वेढ्याला 2400 मोजण्या होतात. सेकंदाला तीन वेढे म्हणजे 7200. माझ्या प्रोग्राममध्ये दर फेरीला 20 मिलिसेकंदांची विश्रांती होती, कुठून तरी उचललेली. तेवढ्या वेळात 144 साचतात. गाडी उलटी जाणारच!

तेव्हा प्रोग्राम असा लिहा. दोन्ही पिनांवर इंटरप्ट (पिनवर बदल झाला की चालू काम थांबवून लगेच चालणारा प्रोग्रामचा तुकडा) ठेवा, आणि इंटरप्टमध्ये फक्त मोजा, बाकी काही नाही. मुख्य फेरीत दर 1 मिलिसेकंदाला साचलेली मोजणी पाठवा. ती 127 च्या वर गेली तर 127 च पाठवा आणि उरलेली पुढच्या फेरीला ठेवा. उरलेली फेकून देऊ नका, नाहीतर नॉब आणि ब्लास्टर यांची जागा हळूहळू फारकत घेते. "विश्रांती ठेवली नाही तर संगणकावर ताण येतो" असं सांगणारे भेटतील. येत नाही.

याच जागी एक आणखी खोड आहे. मोजणी दोन बाइटची, आणि प्रो मायक्रोची चिप एका वेळी एकच बाइट वाचते. पहिला बाइट वाचून झाला, दुसरा वाचायच्या आत इंटरप्ट आला, की दोन वेगवेगळ्या क्षणांचे अर्धे-अर्धे आकडे जोडले जातात. तासाभरात एखादाच झटका बसतो, त्यामुळे शोधणं फार त्रासाचं. मोजणी वाचून शून्य करताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करा, लगेच चालू करा.

खेळ लावण्याआधी एक चाचणी घ्या. नॉबवर मार्करने रेघ मारा आणि एकूण मोजणी छापत ठेवा. दहा वेढे पुढे: 24000 च्या जवळ आकडा हवा. मग जोरात दहा वेढे मागे, रेघ पुन्हा जागेवर: शून्याच्या आसपास. मागे येताना शेकड्यांनी फरक पडत असेल तर खेळ उघडू नका, प्रोग्राम पुन्हा वाचा.

मेममध्ये

मेम म्हणजे जुने पार्लरमधले खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम. त्यात माउसचा पर्याय चालू करा. ॲनालॉग इनपुटच्या यादीत डायल शोधा आणि टेम्पेस्टसाठी संवेदनशीलता 3 टक्के ठेवा. हा आकडा हवेतून काढलेला नाही. मूळ पेटीत नॉबसोबत फिरणाऱ्या चकतीला 72 दाते होते, आपल्याकडे 2400 मोजण्या. 72 भागिले 2400, म्हणजे 3 टक्के.

"जास्त ठेवलं की जास्त चपळ" हा सल्ला इथे नुसता चुकीचा नाही, घातक आहे. टेम्पेस्ट नॉबची मोजणी चारच बिटांत ठेवतो, म्हणजे 0 ते 15. दोन वाचनांच्या मधे नॉब आठच्या पुढे सरकला, तर पुढे नऊ घरं गेला की मागे सात, हे खेळाला ठरवता येत नाही. तो जवळचा रस्ता धरतो आणि ब्लास्टर पुन्हा उलटा पळतो. प्रोग्राम बिनचूक असूनही. एका मित्राने 25 टक्के ठेवून मला रात्री साडेअकराला फोन केला होता, "तुझा स्पिनर बिघडला" म्हणून.

उलट 1986 च्या अर्कॅनॉइडला हेच 3 टक्के ठेवलेत तर बॅट मुंगीच्या चालीने जाईल, कारण त्याच्या मूळ नॉबला गिअर होते आणि एका वेढ्यात मोजण्या कितीतरी जास्त. तिथे 20 पासून सुरू करा आणि हाताला पटेल तिथे थांबा.