मुक्तिवेग ताशी किलोमीटरमध्ये सांगताना या चुका टाळा

पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचं सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर, हे शाळेपासून पाठ असतं. तोच वेग ताशी किलोमीटरमध्ये सांगा म्हटलं की उत्तरं ४० पासून ४० हजारांपर्यंत कुठेही जातात. गुणाकार बहुतेकांना येतो, घोळ होतो तो एककांचा. आणि चुकलेला आकडा नीट पाहिला, तर चूक नेमकी कुठे झाली ते त्यातच दिसतं.

बरोबर हिशोब एका ओळीचा आहे. तासात ३,६०० सेकंद, म्हणून ११.२ × ३,६०० = ४०,३२० किमी प्रति तास. विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०७५ किमी आहे. म्हणजे मुक्तिवेगाने जाणारी वस्तू तासाभरात पृथ्वीच्या परिघाएवढं अंतर कापेल. हा निव्वळ योगायोग असला तरी पडताळणीला फार उपयोगी पडतो.

उत्तर ४०.३२ आलं? सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. '१८ भागिले ५ ने गुणा' हा नियम डोक्यात पक्का बसलेला असतो, पण तो मीटर प्रति सेकंदासाठी आहे. किलोमीटर प्रति सेकंदाला तो लावला की उत्तर हजारपटीने लहान येतं. शहरातल्या रस्त्यावरच्या बसच्या वेगाने पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सुटणार नाही, एवढं तरी लगेच खटकायला हवं. गंमत अशी की मंगळाच्या फोबॉस या चिमुकल्या चंद्रासाठी हेच उत्तर जवळपास बरोबर आहे: तिथला मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किमीच्या आसपास. आकडा सारखाच, एकक वेगळं. म्हणून प्रत्येक पायरीवर आकड्याशेजारी एकक लिहाच.

६७२ आलं? एकदाच ६० ने गुणलंत. हा मिनिटाचा वेग झाला, पुन्हा ६० ने गुणा.

३,१११ आलं? ११,२०० मीटर प्रति सेकंदाला ३.६ ने (म्हणजे १८ भागिले ५ ने) गुणण्याऐवजी भागलंत.

३५४ आलं? ही चूक रूपांतराच्याही आधीची, सूत्रातली आहे. मुक्तिवेगाच्या √(२gR) या सूत्रात (g म्हणजे गुरुत्व त्वरण, R म्हणजे पृथ्वीची त्रिज्या) g = ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग घेतला आणि त्रिज्या मात्र ६,४०० किलोमीटर तशीच ठेवली. त्रिज्या ६४,००,००० मीटर घ्या, उत्तर नेमकं ११,२०० मीटर प्रति सेकंद येईल.

आता मैलांचा गोंधळ. अमेरिकी संदर्भांत वेग ताशी मैलांत असतो आणि घाईत तो किलोमीटर समजून उतरवला जातो. अपोलो १० हे यान २६ मे १९६९ रोजी परतताना त्याचा वेग ताशी २४,७९१ मैल होता, म्हणजे ३९,८९७ किमी. मैलांचा आकडा किलोमीटर म्हणून घेतला आणि ३,६०० ने भागला, तर सेकंदाला जेमतेम ६.९ किमी येतात. पृथ्वीलगत नुसतं कक्षेत फिरत राहायलाही सुमारे ७.८ लागतात, मग चंद्राकडून येणारं यान एवढं संथ कसं असेल? ही उलटी पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे, ती करायलाच हवी.

मोठ्या आकड्यांत मिलियन आणि लाख यांची गल्लत होते. सूर्याच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ६१८ किमी, म्हणजे ताशी २२ लाख किमी. इंग्रजी मजकुरातल्या '२.२ मिलियन'चं मराठीत '२.२ लाख' केलं, तर उत्तर दहापटीने कमी होतं.

अचूकतेचा आव आणणंही टाळा. ११.२ घेतलं तर ४०,३२० येतात, ११.१८६ घेतलं तर सुमारे ४०,२७०. दोन्ही बरोबरच आहेत. मूळ आकड्यात तीनच सार्थ (म्हणजे भरवशाचे) अंक असताना शेवटच्या २० चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. बातमीत किंवा भाषणात 'ताशी सुमारे ४० हजार किलोमीटर' म्हणा.

रूपांतर चोख करूनही आकडा चुकीच्या जागी वापरला जातो, आणि मला ही चूक बाकीच्यांपेक्षा गंभीर वाटते. ११.२ हा पृष्ठभागावरचा वेग. उंचीबरोबर तो घटतो: ४०० किमीवर सेकंदाला सुमारे १०.८ किमी, म्हणजे ताशी ३९ हजार. शिवाय चंद्रावर जाण्यासाठी पूर्ण मुक्तिवेग लागतच नाही, कारण चंद्र स्वतःच पृथ्वीला बांधलेला आहे. १४ जुलै २०२३ ला चंद्रयान-३ ला रॉकेटने सुमारे १७० × ३६,५०० किमीच्या लंबवर्तुळात सोडलं. त्या कक्षेच्या पृथ्वीलगतच्या टोकाशी वेग सेकंदाला सुमारे १०.३ किमी, म्हणजे ताशी ३७ हजार भरतो. तेव्हा 'चंद्रयान ताशी ४०,३२० किमी वेगाने झेपावलं' या वाक्यात गुणाकार बरोबर असला, तरी माहिती चुकीची आहे.