लॉन मूव्हर चालवताना पाय सांभाळा : या चुका टाळा

जूनमध्ये पुण्यात पावसाने जोर धरला की उन्हाळाभर टँकरच्या पाण्यावर कशीबशी जगवलेली हिरवळ बघता बघता घोट्याच्या वर येते, आणि बाणेर-बावधनपासून हडपसर-खराडीपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये गवत कापण्याच्या यंत्रांची घरघर सुरू होते. याच दिवसांत गवत ओले असते, जमीन निसरडी असते आणि पावसाची उघडीप मिळताच काम उरकून टाकण्याची घाई असते. पायाला इजा होण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच वेळी जुळून येतात त्या याच काळात.

अपघात टाळण्याचा विषय निघाला की बहुतेक सोसायट्यांमध्ये चर्चा बुटांपाशी सुरू होते आणि बुटांपाशीच संपते. बूट हवेतच, परंतु बुटाचा उपयोग पाऊल पात्यापर्यंत पोहोचल्यानंतरचा आहे. ते तिथवर पोहोचते कसे, याचा विचार आधी व्हायला हवा. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बहुतेक चुका या एकाच प्रश्नाशी निगडित आहेत.

पात्याचा वेग नजरेला दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. साधारण ४६ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ७२ मीटर, म्हणजे ताशी साधारण २६० किलोमीटर वेगाने फिरते. पात्याला दोन धारा असतात, त्यामुळे एका जागेवरून सेकंदाला शंभर वेळा धार जाते. पाय चटकन मागे घेऊ, हा भरवसा या हिशेबापुढे टिकत नाही. शिवाय ही जखम चाकूच्या जखमेसारखी सरळ आणि स्वच्छ नसते. माती, गवत, मोज्याचे धागे आणि चपलेच्या रबराचे तुकडे मांसात खोलवर घुसतात, त्यामुळे शल्यचिकित्सकांना अशी जखम अनेकदा एकाहून अधिक वेळा उघडून साफ करावी लागते.

यंत्र स्वतःकडे ओढणे

पायाच्या इजांच्या मुळाशी अनेकदा हीच चूक असते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. यंत्र पुढे ढकलताना पाते आणि पाय यांच्यामध्ये दांड्याची लांबी राहते. यंत्र मागे ओढताना मात्र माणूस उलटा चालत असतो, मागे काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि टाच एखाद्या दगडाला, स्प्रिंकलरच्या तोंडाला किंवा वाफ्याच्या कडेला अडखळली की तो पाठीवर पडतो. पडणारा माणूस आधारासाठी हातातला दांडा आणखी घट्ट धरतो, आणि चालू यंत्र त्याच्याच पावलांवर ओढले जाते.

यावरचा उपाय सोपा आहे. कोपऱ्यात अडकल्यावर आधी मुठीवरचा दाबदांडा (जो दाबून धरला तरच पाते फिरते) सोडावा, पाते पूर्ण थांबू द्यावे, आणि मगच यंत्र मागे घ्यावे. मोकळ्या जागेत मागे ओढण्याऐवजी अर्धवर्तुळात वळण घ्यावे. झाडांच्या बुंध्याभोवती किंवा बाकांच्या पायांमध्ये यंत्र पुढे-मागे करत बसण्यापेक्षा तेवढे गवत बागेच्या मोठ्या कात्रीने कापावे, किंवा बुंध्याभोवती हातभर रुंदीचे मोकळे आळे करून तिथे पालापाचोळा पसरावा. असे आळे झाडालाही मानवते. ज्या लॉनवर दर चार पावलांनी यंत्र मागे घ्यावे लागते, तिथे दोष चालवणाऱ्याचा नसून लॉनच्या आखणीचा असतो, आणि कडा गोलाकार करून तो दूर करता येतो.

उतारावर चुकीच्या दिशेने चालणे

पुण्याच्या नव्या सोसायट्यांमध्ये पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, बागेत मुद्दाम मातीचे उंचवटे करण्याची पद्धत आहे. कागदावर हे उंचवटे सुंदर दिसतात. ते आखण्यापूर्वी गवत कापणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. मागून ढकलायच्या यंत्राने अशा उतारावर नेहमी आडवे जावे, खाली-वर जाऊ नये. वर चढताना पाय घसरला तर यंत्र आपल्या अंगावर येते, आणि उतरताना घसरला तर आपलेच पाय यंत्राखाली जातात. आडवे चालताना घसरलेला माणूस बहुधा यंत्रापासून बाजूला सरकतो. बसून चालवायच्या मोठ्या यंत्रांसाठी नियम नेमका उलटा आहे : ती उतारावर आडवी नेली तर कलंडण्याचा धोका असतो, म्हणून ती खाली-वरच चालवावी लागतात.

उतार सुमारे १५ अंशांहून अधिक असेल, म्हणजे मीटरभर अंतरात साधारण २७ सेंटिमीटर चढ असेल, तर तिथे मूव्हर नेऊच नये. अशा जागी गवताऐवजी वेडेलिया किंवा तत्सम पसरणारी झाडे लावणे शहाणपणाचे. पावसानंतर मात्र सौम्य उतारही निसरडा होतो, म्हणून बुटाच्या टाचेने जमीन दाबून पाहावी. पाणी वर येत असेल तर त्या दिवशी ते काम सोडून द्यावे. दिवाळीनंतरच्या दिवसांत दव सुकेपर्यंत थांबण्याचे कारणही हेच आहे.

मुठीचा दांडा सुतळीने बांधून ठेवणे

मागून ढकलायच्या बहुतेक चांगल्या यंत्रांच्या मुठीला एक दाबदांडा असतो. तो दाबून धरलेला असेपर्यंतच पाते फिरते. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या अशा घरगुती मूव्हरांना हा दांडा सोडल्यापासून तीन सेकंदांच्या आत पाते थांबलेच पाहिजे, असा नियम आहे. हाताला रग लागते म्हणून हाच दांडा सुतळीने, तारेने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने मुठीला कायमचा बांधून टाकला जातो. घसरलेल्या माणसाचा हात सुटला की पाते थांबावे, यासाठीच ती सोय केलेली असते, आणि नेमकी तीच अशा बांधणीने निकामी होते. सोसायटीच्या व्यवस्थापकाने यंत्र पाहताना सर्वप्रथम मुठीकडे पाहावे. तिथे सुतळी दिसली तर बाकीची तपासणी नंतर करावी.

दांडा बांधण्यामागे बहुधा खरे कारण असते. केबल गंजल्याने तो दाबायला जड जातो, किंवा त्याची स्प्रिंग आखडलेली असते. केबलला तेल देऊन किंवा ती बदलून हा त्रास जातो. दांडा सोडल्यावर पाते तीन सेकंदांनंतरही फिरत असल्याचे आवाजावरून जाणवले, तर ब्रेकचे अस्तर झिजलेले असू शकते, आणि दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र वापरू नये. स्वस्तातल्या काही विजेच्या यंत्रांना दाबदांडाच नसतो, फक्त चालू-बंद करण्याचे बटण असते. नवे यंत्र घेताना पन्नास गोष्टी पाहण्यापेक्षा ही एक पाहावी.

अडकलेला लगदा पायाने सारणे

ओले आणि उंच वाढलेले गवत कापले की त्याचा लगदा पात्याच्या झाकणाखाली आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी साचतो. यंत्र गुरगुरते, मंदावते, आणि चालवणारा सवयीने बुटाच्या किंवा चपलेच्या टोकाने तो लगदा ढकलतो. मोकळे होताच पाते पुन्हा पूर्ण वेगाने फिरू लागते, आणि त्या वेळी पायाचा अंगठा तोंडापाशी असतो.

लगदा काढायचा तर यंत्र बंद करावे, पाते थांबेपर्यंत हात-पाय दूर ठेवावेत, आणि पेट्रोलच्या यंत्राच्या स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करावी. ही टोपी न काढता पाते हाताने फिरवले तर इंजिन क्षणभर सुरू होऊ शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. यंत्र कलते करताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असे करावे, नाही तर तेल फिल्टरमध्ये उतरते. विजेच्या यंत्राचे नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढावी लागते. बॅटरीच्या यंत्राची बॅटरीच काढून ठेवावी. त्यानंतर लाकडी काठीने लगदा खरवडावा, बोटांनी नव्हे.

वारंवार लगदा अडकत असेल तर दोष कापण्याच्या पद्धतीत शोधावा. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये; फारच वाढले असेल तर आधी पात्याची उंची वाढवून एक हात फिरवावा आणि दोन-तीन दिवसांनी दुसरा. बोथट पाते गवत कापण्याऐवजी फाडते, त्यामुळेही लगदा वाढतो. चाल मंद ठेवून अर्ध्या रुंदीचा पट्टा घेतला तरीही फरक पडतो.

मागची झडप काढून टाकणे

यंत्राच्या मागच्या बाजूला जमिनीवर घासत जाणारी रबराची किंवा प्लॅस्टिकची झडप असते. ती गवतात अडकते म्हणून काढून फेकून दिली जाते. पाऊल झाकणाखाली शिरू नये आणि उडालेला खडा नडगीवर येऊ नये, या दोन्हींसाठी ती बसवलेली असते. तुटली असेल तर नवी बसवावी. कडेच्या तोंडावरच्या झाकणाचेही तसेच. तिथे गवताची पिशवी लावलेली नसेल तर झाकण बंद असायलाच हवे.

लॉन न तपासता यंत्र सुरू करणे

म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावर लग्नकार्यांसाठी जी लॉन्स आहेत, तिथे हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. मांडव उतरवल्यानंतर गवतात खिळे, बांधणीची तार, लोखंडी खुंट्या आणि रोषणाईच्या वायरीचे तुकडे राहून जातात, आणि पुढच्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी त्यावरूनच मूव्हर फिरवला जातो. पात्याने उडवलेला खिळा चपलेचा पट्टा किंवा पातळ कॅनव्हास सहज भेदतो. सोसायट्यांमध्ये धोका वेगळा असतो : वाफ्यांच्या कडेला शोभेसाठी ठेवलेले पांढरे गोटे मुले खेळताना लॉनवर आणून टाकतात. कापणीपूर्वी एकदा लॉनवरून आडवे-उभे चालून जे दिसेल ते वेचावे. वायरीवर चालणाऱ्या यंत्राची वायर खांद्यावरून मागे सोडलेली असावी आणि काम सॉकेटजवळून सुरू करून दूर जात राहावे, म्हणजे ती पात्याखाली येत नाही.

लहान मुलांना त्या वेळी लॉनवर येऊ देऊ नये, आणि बसून चालवायच्या यंत्रावर त्यांना मांडीवर घेण्याचा लाड तर मुळीच करू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ढकलायच्या मूव्हरसाठी किमान १२ वर्षे आणि बसून चालवायच्या मूव्हरसाठी १६ वर्षे ही वयोमर्यादा सांगितलेली आहे.

चप्पल, गमबूट की सेफ्टी शूज

चप्पल आणि सँडल यांबद्दल वाद असण्याचे कारण नाही. पावसाळ्यात गमबूट सर्रास वापरले जातात. त्यांचा तळ खोल नक्षीचा असेल तर पकड बरी मिळते, परंतु मऊ रबर पात्यापुढे टिकत नाही. आयएस १५२९८ हे मानक पाळणारे, पुढच्या टोकाला कठीण टोपी असलेले सेफ्टी शूज घ्यावेत. ही टोपी २०० ज्यूलचा आघात सोसण्यासाठी तपासलेली असते, म्हणजे साधारण २० किलोचे वजन मीटरभर उंचीवरून पडल्याइतका. ती बोटांपुरतीच असते, हेही लक्षात ठेवावे. पावलाचा वरचा भाग आणि टाच यांच्यावर फक्त चामडे असते. तळ घसरणारा असेल तर टोपी कितीही मजबूत असली तरी बूट निरुपयोगी.

सोसायटीच्या कार्यालयात एकच जोड कपाटात ठेवायचा आणि जो माळी येईल त्याने तोच घालायचा, ही पद्धत बंद व्हावी. न बसणारा बूट माणूस दहा मिनिटांत काढून ठेवतो. ज्याच्या पायात बूट जाणार, त्याला दुकानात नेऊन मापाने घ्यावेत. मधुमेह असलेल्या कामगाराच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून त्याच्या बुटांकडे आणि काम संपल्यावर पावलांकडे अधिक लक्ष द्यावे. पँट घोट्यापर्यंत असावी आणि बुटाच्या नाड्या आत खोचलेल्या असाव्यात.

जखम झाल्यावर होणाऱ्या चुका

रक्त दिसताच हळद किंवा चहाची पूड दाबण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. मातीने भरलेल्या जखमेत आणखी पूड भरल्याने डॉक्टरांचे सफाईचे काम वाढते. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाब द्यावा, जखमीला आडवे करून पाय वर उचलून धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे. खोल रुतलेले काही दिसले तर ते ओढून काढू नये.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते शोधून ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगावे, कारण अशा मळलेल्या जखमेत ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर सहसा पुन्हा दिली जाते, आणि जखम छोटी दिसत असली तरी हा प्रश्न त्याच दिवशी निकालात काढावा लागतो.