तारखांच्या आलेखावर क्लिक केलं, पण तारीख कुठली?

मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-लायब्ररीत क्लिक पकडायला ‘बटन_प्रेस_इव्हेंट’ला आपलं फंक्शन एमपीएल_कनेक्टने जोडायचं, हे सगळ्यांना सापडतं. अडतं ते पुढे. एक्सडेटा, म्हणजे क्लिकची आडव्या अक्षावरची जागा, छापला की तारखेऐवजी येतं १९७२३.५.

हे आहेत १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले दिवस. १९७२३ म्हणजे १ जानेवारी २०२४ आणि .५ म्हणजे दुपारचे बारा. डेट्स मॉड्यूलमधल्या ‘नम२डेट’ला हा आकडा दिला की तारीख-वेळ मिळते. जुन्या कोडमध्ये याच जागी पायथनचं स्वतःचं ‘फ्रॉमऑर्डिनल’ दिसेल. त्याला हात लावू नका. मॅटप्लॉटलिबच्या आवृत्ती ३.३ च्या आधी मोजणी इसवी सन १ पासून व्हायची, म्हणून ते चालून जायचं. आज तेच फंक्शन १९७२३ ला ३१ डिसेंबर, इसवी सन ५४ म्हणेल. दोन मोजण्यांत ७,१९,१६३ दिवसांचं अंतर आहे. उत्तर पहिल्या शतकात किंवा चाळिसाव्या शतकाच्या आसपास गेलं, तर आधी इथेच बघा.

आता घड्याळ. नम२डेट जे परत देतं त्याला यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेचं, लेबल चिकटलेलं असतं. तुमच्या डेटाला टाइमझोनच नसेल, तर आकडे आहेत तसेच बरोबर असतात. फक्त लेबल काढायचं, म्हणजे रिप्लेसमध्ये टीझेडइन्फो ‘नन’ करायचं. ते न काढता आपल्या तारखांमधून वजाबाकी केली की टाइपएरर येतो. तो परवडला, निदान दिसतो तरी. वाईट चूक म्हणजे ‘भारतीय वेळ हवी’ म्हणून त्यात साडेपाच तास मिळवणं: संध्याकाळी सातची नोंद गुपचूप दुसऱ्या दिवशी जाते. डेटाला खरंच टाइमझोन असेल, तेव्हाच नम२डेटला ‘टीझेड’ द्या.

पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीच्या प्लॉटने काढलेला आलेख वेगळाच वागतो. मालिका महिनावार असेल तर अक्षावर दिवस नसतात, महिने असतात. जानेवारी २०२४ तिथे ६४८ असतो, आणि नम२डेट त्याचं ११ ऑक्टोबर १९७१ करतं. तारीख दिसायला इतकी साळसूद की शंकाही येत नाही. प्लॉट करतानाच एक्स_कॉम्पॅट ट्रू ठेवा, म्हणजे अक्षावर दिवसच राहतात; नाहीतर आकडा पूर्णांकात आणून पांडाजच्या पिरियडला (कालखंडाचा प्रकार) ऑर्डिनल म्हणून द्या.

तारीख बरोबर आली तरी ती तुमच्या डेटात असेलच असं नाही. पाच वर्षांचे १८२६ दिवस ८०० पिक्सेलमध्ये बसवले, तर एका पिक्सेलमागे सव्वादोन दिवसांहून जास्त येतात. हात कितीही स्थिर असला तरी नेमका दिवस टिपता येत नाही. म्हणून जवळची नोंद शोधायची. तारखा चढत्या क्रमाने लावून त्यांत जागा शोधणारं ‘सर्चसॉर्टेड’ चालवा. ते उजवीकडच्या नोंदीची जागा देतं, मग डावीकडच्या शेजाऱ्याशी अंतर ताडून बघा. टोकं सांभाळा. शेवटच्या बिंदूच्या पलीकडे क्लिक झाला तर जागा यादीबाहेर जाते आणि इंडेक्सएरर मिळतो. पहिल्याच्या अलीकडे झाला तर डावा शेजारी उणे एक, म्हणजे पायथनच्या हिशेबात यादीतली शेवटची नोंद! शून्य जागा आली की डावीकडे बघूच नका.

चौकटीबाहेरच्या क्लिकला एक्सडेटा ‘नन’ असतो, तेव्हा फंक्शनच्या पहिल्या ओळीत इनॲक्सेस, म्हणजे क्लिक कुठल्या चौकटीत झाला ते, तपासा. झूमचं बटण दाबलेलं असतानाही क्लिक येत राहतात. टूलबारचा मोड रिकामा नसेल तर तिथूनच परत फिरा.