रायफलसाठी काडतूस कुठलं घ्यायचं? आधी खिसा बघा

लोक आधी रायफल पसंत करतात आणि काडतुसाचं मग बघू म्हणतात, इथेच गाडी चुकते, कारण रायफल एकदाच घ्यायची असते आणि काडतुसं कायम.

पहिलं काम म्हणजे कायदा आणि लायसन्स बघणं. काही देशांत लष्करी कॅलिबर (गोळीची जाडी, .२२ सारखे आकडे इंचात असतात) सामान्य माणसाला मिळतच नाही, आणि जिथे शिकारीला परवानगी आहे तिथेही काही ठिकाणी हरणासाठी .२२३ चालत नाही. पैसे देण्याआधी हे विचारून घ्या.

मग स्वतःला खरं विचारा की गोळ्या जाणार कुठे. बहुतेकांच्या कागदी टार्गेटवरच जातात, त्यांना .२२ एलआर (लाँग रायफल, छोटं काडतूस) पुरतं. १८८७ पासून चालत आलेलं, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाहीच आणि सगळ्यात स्वस्त. टार्गेटला शंभर मीटरपर्यंत ठीक, पण छोटं आहे म्हणून गंमत समजू नका, ही गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, त्यामुळे मागे मातीचा बांध हवाच.

त्याहून दमदार हवं असेल तर जे लष्कराच्या जवळचं आहे ते बघा, म्हणजे .२२३ रेमिंग्टन (१९६४) किंवा .३०८ विंचेस्टर (१९५२). ही प्रचंड प्रमाणात बनतात म्हणून सहसा परवडतात आणि सहज मिळतात. ६.५ क्रीडमोर २००७ चं, लांबच्या नेमाला मस्त आहे, पण तीनशे मीटरच्या आतच मारणार असाल तर जास्तीचे पैसे कशाला घालायचे? कागदावरचा वेग बघून भुलणारे मला तरी पटत नाहीत.

आता धक्का. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०८ चा धक्का .२२३ च्या चार-पाच पट असतो. आपल्याला झेपतोय का हे असं तपासा: मित्राला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मधे एखादं डमी (न उडणारं नकली काडतूस) भरायला सांगा, कुठे ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. डमीवर ट्रिगर ओढल्यावर नळीचं तोंड खाली झुकलं तर समजा तुम्ही धक्क्याला घाबरताय, आणि मग मोठं कॅलिबर घेऊन नेम काही सुधारणार नाही. हरणाएवढ्या जनावरासाठी मधला पर्याय .२४३ विंचेस्टर, धक्का .३०८ पेक्षा बराच कमी.

घेताना बॅरलवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का दोन्ही वाचा. .२२३ लिहिलेल्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) ५.५६ नेटो, म्हणजे त्याच्यासारखंच दिसणारं लष्करी काडतूस, टाकायचं नाही, प्रेशर वाढू शकतं. .२४३ हे .३०८ च्याच केसपासून (काडतुसाचं बाहेरचं कवच) बनलंय, दिसायला भावंडंच, म्हणून दोन्ही घरात असतील तर डबे वेगळे ठेवा. .२२३ घेणार असाल तर ट्विस्टही (नळीतल्या खाचांचा पीळ) विचारा, १२ इंचात एक फेरा असेल तर ५५ ग्रेनच्या (गोळीच्या वजनाचं माप) आसपासच्या गोळ्या चालतात, ७७ ग्रेनच्या जड गोळीला ८ इंचांच्या आसपास एक फेरा लागतो.

मॅगझिन, स्लिंग वगैरे नंतर बघता येतं.

एकदम पेटी उचलू नका. दोन-तीन ब्रँडची छोटी पाकिटं आणा, टेकू लावून प्रत्येकाचे पाच-पाच मारा आणि भोकं किती जवळ पडतात ते बघा, एकच रायफल एका ब्रँडला गुच्छ देते आणि दुसऱ्याला विखुरते. जे जमतंय त्यातलं स्वस्त निवडा आणि तेव्हाच त्याच लॉट नंबरचं (एकाच खेपेत बनलेलं) जास्त घेऊन ठेवा. पुढेमागे रीलोडिंग (रिकामी केस पुन्हा भरणं) करायचं असेल तर पितळी केस जपून ठेवा, .२२ च्या मात्र टाकून द्या, त्या परत भरायच्या नसतात.