दोन छोट्या एअरपोर्टमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ स्वतः कसा काढायचा

अंतर काढलं, त्याला विमानाच्या स्पीडने भागलं की झाला वेळ, असं बरेच जण करतात आणि मग तिकिटावरचा वेळ बघून गोंधळतात, कारण छोट्या पल्ल्यात उडण्यापेक्षा बाकीचीच मिनिटं खूप असतात.

आधी अंतर. रस्त्याचे किलोमीटर इथे काही कामाचे नाहीत, आपल्याला हवाई अंतर पाहिजे. दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश रेखांश शोधा, शोधताना तीन अक्षरी कोड टाका म्हणजे सारख्या नावाचं भलतंच गाव येत नाही. अक्षांशाचा १ अंश म्हणजे साधारण १११ किमी. रेखांशाचा १ अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा, वर किंवा खाली सरकलं की तो आक्रसत जातो आणि ६० अंशावर निम्मा उरतो, म्हणून १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं (कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना ते बघा, सगळ्यात जास्त चूक इथेच होते).

समजा एक एअरपोर्ट १८ अक्षांश ७४ रेखांशावर आणि दुसरा २१ अक्षांश ७९ रेखांशावर आहे. अक्षांशाचा फरक ३, म्हणजे ३३३ किमी. रेखांशाचा फरक ५, मधला अक्षांश १९.५, त्याचा कोसाइन ०.९४३, म्हणजे साधारण ५२३ किमी. आता शाळेतलं पायथागोरस लावा, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर ६२० किमी. कुठे नॉटिकल मैल दिसले तर १.८५२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. हजारो किमीचा पल्ला असेल तर ही पद्धत चुकते, पृथ्वी गोल आहे, तिथे हॅवरसाइन सूत्र किंवा गूगल अर्थची पट्टी वापरा.

आता वेळ. विमान नाकासमोर सरळ जात नाही, वाऱ्याप्रमाणे धावपट्टीची दिशा ठरते, मग वळणं, ठरलेले हवाई मार्ग, म्हणून मी १० टक्के जादा धरतो, म्हणजे ६८० किमी. आणि विमान कोणतं ते नक्की बघा! छोट्या एअरपोर्टवर बऱ्याचदा एटीआर ७२ असतं, पंख्याचं, ताशी ५०० किमीच्या आसपास चालतं, त्याला ८२ मिनिटं लागतील. जेट ताशी ८०० धरलं तर ५१ मिनिटं. दोन्हीत टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवर गेट ते धावपट्टी चालणं), चढण, उतरण यांची २५ मिनिटं मिळवा, म्हणजे एटीआरला पावणेदोन तासांच्या आसपास आणि जेटला सव्वा तास. पल्ला अजून छोटा असेल तर हा फरक आणखी कमी होतो, कारण जेट वर जाऊन स्थिरावतंय तोवर खाली यायची वेळ होते.

वाराही धरा. ताशी ५० किमीचा वारा समोरून आला तर तेच एटीआर (ती वरची २५ मिनिटं सोडून) ८२ ऐवजी ९१ मिनिटं घेईल आणि मागून आला तर ७४, म्हणून जाताना आणि येताना वेळ वेगळा दिसला तर ती छपाईची चूक नाही.

तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात थोडी उशिराची सोयपण धरलेली असते, त्यामुळे तुमच्या हिशोबापेक्षा १०-१५ मिनिटं जास्त दिसली तर हिशोब बरोबरच आहे. निघायची आणि पोचायची अशा दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात, टाइम झोन बदलत असेल तर आधी दोन्ही यूटीसीमध्ये (जगभर सारखी धरलेली प्रमाणवेळ) आणा आणि मगच वजाबाकी करा.

थेट फ्लाइट नसेल तर वरचं ६२० किमी विसरा, प्रत्येक टप्पा वेगळा काढा आणि मधल्या एअरपोर्टवरचा थांबा मिळवा. दोन वेगळी तिकिटं असतील तर तिथे बॅग घेऊन परत चेकइन करावं लागू शकतं, तो वेळ वेगळा लिहून ठेवा.